जासूदबाईचे बेचाळीस कपडे

आमच्या मास्तरांची नजर इतकी पक्की, की गिऱ्हाईक रस्ता ओलांडत असतानाच त्यांच्या तोंडून माप बाहेर पडायचं. "छाती अडतीस, पोट बेचाळीस, पण सांगेल छत्तीस." आणि गिऱ्हाईक आत येऊन, श्वास रोखून, छत्तीसच सांगायचं. एकदा तर मास्तरांनी समोरच्या भिंतीवर पडलेल्या सावलीवरून कोट बेतला होता. सावली सकाळची होती, त्यामुळे कोट घोट्यापर्यंत गेला. पण ती चूक सूर्याची, मास्तरांची नव्हे.

मी त्यांच्याकडे काजं करतो. काज म्हणजे बटण ज्यातून जातं ते भोक. पन्नास वर्षं भोकं पाडून संसार उभा केला असं छातीठोकपणे सांगणारा दुसरा माणूस तुम्हाला भेटायचा नाही. एका वकिलाच्या कोटाला मी एवढं घट्ट काज केलं होतं, की तो कोट काढता न आल्यामुळे तो माणूस तसाच न्यायाधीश झाला. हे थोडं वाढवून सांगितलं असेल. बाकी पुढचं सगळं जसं घडलं तसंच सांगतो.

तर एका गुरुवारी दुपारी मास्तरांची नात दुकानात आली, कात्रीशेजारी लॅपटॉप आपटला आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसकण मारली. तिला आम्ही टाचणी म्हणतो. अंगानं तशी, आणि स्वभावानंही. हरवली की शोधावी लागते, सापडते ती टोचूनच. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत ती कामाला. गेममधल्या माणसांचे कपडे शिवायचं काम.

"आजोबा, मला बेचाळीस कपडे पुढच्या शुक्रवारपर्यंत हवेत," ती म्हणाली.

"गणवेश आहेत का?"

"नाही. एकीचेच आहेत सगळे."

"मोठ्या घरची दिसते," मी म्हणालो.

"ती अजून जन्मालाच आली नाहीये, काजकाका. तेच तर दुखणं आहे."

मग तिनं नीट उलगडून सांगितलं. त्यांच्या गेममध्ये एक जासूद असतो. राजाची पत्रं घेऊन डोंगर, नद्या, शत्रूचे तळ ओलांडत जातो. वाटेत वेष बदलतो: कधी मेंढपाळ, कधी व्यापारी, कधी सैनिक. असे त्याचे बेचाळीस कपडे. एकट्यानं खेळता येतं, दोघांनी मिळूनही खेळता येतं. पण दोघं खेळले तरी दोघंही तेच मिशीवाले बुवा. टाचणीचं म्हणणं, सुरुवातीलाच विचारायचं: जासूद पुरुष हवा की बाई? ज्याला जे व्हायचंय ते त्यानं व्हावं.

"मग अडलं कुठं?" मास्तरांनी विचारलं.

"कप्तानपाशी."

कप्तान म्हणजे तिचे साहेब. कुठलंही नवीन काम सुचवलं की ते म्हणायचे, "जहाज बुडेल." म्हणून ऑफिसनं त्यांना कप्तान करून टाकलं होतं. ते वर्षभरापूर्वी दुसरीकडून आले होते आणि अर्धवट गेम वेळेवर पुरा करायची जबाबदारी त्यांच्या डोक्यावर होती. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत होता. त्यांचं म्हणणं होतं: बाई आणली की तिचं अंग वेगळं, म्हणजे बेचाळीस कपडे पुन्हा कापायचे. वर चालणं, पळणं, बसणं, उठणं सगळं खऱ्या पुरुषावरून टिपून यंत्रात भरलेलं. ते बाईला लावलं तर विचित्र दिसणार.

"शेवटी म्हणाले," टाचणीनं कप्तानचा आवाज काढला, "'शुक्रवारी सकाळी अकरा. कपडे बसले पाहिजेत आणि हालचाल बघून कुणी हसता कामा नये. नाहीतर बाई रद्द. त्या दिवशी गेमला कुलूप लागतं, मग ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही.' मी रजा टाकून आले."

"एवढा हट्ट कशाला?" मी विचारलं. "खेळच ना शेवटी."

टाचणीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी हातातली सुई खाली ठेवली.

"काजकाका, मी आठ वर्षांची होते. मामाच्या घरी दादाच्या मशिनवर पहिल्यांदा गेम पाहिला. मी विचारलं, यात मी कोण? दादा म्हणाला, तू ती बघ, तिकडे बुरुजात. मी येईपर्यंत शांत बसून राहा. मी अख्खा उन्हाळा बुरुजात बसून काढला, काका. तो यायच्या आधी त्याला आई जेवायला बोलवायची."

मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "दाखव बघू तुझी बाई."

लॅपटॉपवर बाई उभी राहिली. कंपनीतल्या कुणीतरी पूर्वी घाईघाईत काढून ठेवलेली. मास्तर तिला बघतच राहिले. मग टेप काढून त्यांनी पडद्यालाच लावला.

"छाती चाळीस, कंबर अठरा," ते म्हणाले. "हिचं जेवण जातं कुठं? आणि हे पायात काय? उंच टाचा? घाट चढणारी बाई आहे का शोकेसमधली? टाचणी, हिला कपडे शिवायच्या आधी डॉक्टरला दाखवा."

"मग कसं करायचं?"

"माप घ्यायला खरं माणूस आण. मी माणूस न बघता शिवत नाही."

"सावलीवरून शिवलात की," मी म्हणालो.

"सावलीला निदान माणूस असतो, काज्या."

माणूस कोण आणायचा? डोंगर चढेल, ओझं उचलेल, पावसापाण्यात उभी राहील अशी बाई. टाचणीला आठवल्या त्यांच्या ऑफिसच्या दारावरच्या मावशी. मावशी तिथल्या वॉचमन. वॉचवूमन म्हणा हवं तर, पण त्यांच्या बिल्ल्यावर वॉचमनच लिहिलेलं होतं. आठ तास दारात उभ्या राहायच्या, रोज चार मजले तीनदा चढून सगळी कुलपं बघायच्या, आणि पाण्याचा मोठा जार एका खांद्यावरून वर न्यायच्या. कंपनी गणवेश फक्त पुरुषी मापाचा द्यायची, म्हणून तो कमी-जास्त करून घ्यायला त्या वर्षातून दोनदा आमच्याच दुकानात येत.

शनिवारी मावशी आल्या. मास्तरांनी माप घेतलं, मी वहीत लिहिलं. खांदा, बाही, छाती, कंबर, मांडी, गुडघा. मावशी खांबासारख्या ताठ उभ्या होत्या.

"हे कशासाठी म्हणालात?"

"तुमच्या मापाची एक बाई करतोय," टाचणी म्हणाली. "गेममध्ये."

"माझ्या मापाची?" मावशींनी आरशात पाहिलं. "कुणी खेळेल का तिला?"

"पळता येतं ना तिला, मग खेळतील," मास्तर म्हणाले. "हात वर करा."

मावशी गेल्यावर टाचणीनं पडद्यावरची बाई मोडून मावशींच्या मापाची नवी बाई उभी केली. कमरेला कंबर आली, खांद्याला खांदा आला, पायात सपाट बूट आले. मास्तरांना ती एवढी आवडली, की ते तिला 'जासूदबाई' म्हणायला लागले, तेही आदरानं.

मग त्यांनी पुरुष जासुदाची मापं मागितली. दोन्ही शेजारीशेजारी लिहिली आणि वही डोळ्यांजवळ नेली.

"गंमत आहे," ते पुटपुटले. "बाहीची लांबी दोघांची सारखी. पाव इंचाचाही फरक नाही. गुडघ्यापर्यंतची लांबीही सारखी. हा बाप्या नुसता वरून भरलाय. छाती फुगवली, मान जाड केली, मिशा लावल्या. आतला सांगाडा मावशींच्या मापाचा."

"योगायोग असेल," टाचणी म्हणाली.

"मापात योगायोग नसतो," मास्तर म्हणाले. पण काम डोक्यावर होतं, म्हणून त्यांनी वही मिटली.

सांगाडा सारखा निघाल्यानं काम मात्र सोपं झालं. टाचणी तोवर प्रत्येक कपडा पहिल्यापासून कापत होती. त्यांच्या कंप्युटरमध्येही म्हणे आधी सपाट तुकडे बेततात आणि मग कडेला कड शिवतात. ते ऐकून मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांना वाटलं होतं, तिथे सगळं बटण दाबून होतं.

"अगं, कपडा माणसाला चिकटत नसतो," त्यांनी खडूनं टेबलावरच आकृती काढली. "तो लटकतो. वरचा खांद्यावर, खालचा कमरेवर. मधे असते ती हवा. खांदा आणि कंबर बसली, की बाकीचं कापड आपली सोय आपण बघतं. आता पुरुषाचा अंगरखा घे. शिलाईच्या आत आपण जे जादा कापड ठेवतो, ती माया. मुंढ्याखाली, बाही जोडतो तिथं, एक इंच माया उसव, कमरेला एक चूण टाक, खाली घेरासाठी दोन कळ्या, म्हणजे तिकोनी तुकडे, घाल. झाला बाईचा. नवीन कापायचा नाही."

"पण या कपड्यांत मायाच नाहीये, आजोबा. कडेला कड जोडलीये."

मास्तर हबकले. "माया न ठेवता शिवलं? कोणत्या शाळेत शिकलीस?"

"तुमच्याच दुकानात. तुम्ही मला नुसती बटणं मोजायला लावायचात."

यावर मास्तरांनी जुनं वर्तमानपत्र टेबलावर पसरलं. मग म्हणाले, "चल, पहिल्यापासून शिकवतो."

चार दिवस आमच्या दुकानात खरं गिऱ्हाईक उपाशी आणि जासूदबाई तुपाशी असा कारभार चालला. मास्तर वर्तमानपत्राचे तुकडे कापून, टाचून दाखवायचे, टाचणी तेच लॅपटॉपवर करायची, मास्तर मागून ओरडायचे, "तिथं नाही, मुंढा खोल जाईल, हात वर झाला की सगळा अंगरखा वर येईल!" आणि खरंच जासूदबाईनं हात वर केला, की अंगरखा वर यायचा. आठ कपडे झाले, मग सतरा, मग तीस. बुधवारी रात्र पडायच्या आत बेचाळीसावा, मेंढपाळाचा घोंगडीचा घोंगता, तिच्या खांद्यावर बसला. टाचणीनं तिला पळवलं, उडी मारायला लावली. घोंगता कसा डौलात मागे उडाला! मास्तरांनी नकळत हात पुढे करून त्याची कड सरळ केली. पडद्यावर बोटाचा ठसा उमटला.

आता माझं पाप सांगतो.

गुरुवारी मास्तर चष्म्याची काडी दुरुस्त करायला गेले. दुकानात मी आणि टाचणी. मी सगळे कपडे एकेक करून बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं, की बेचाळीसपैकी एकोणीस कपड्यांना पुढून बटणं आहेत, आणि सगळी उजव्या बाजूला.

"टाचणे, घात झाला! ही सगळी बटणं पुरुषी आहेत."

"म्हणजे?"

"पुरुषाची बटणं उजव्या कडेला, काजं डाव्या कडेला. बायकांचं उलटं. हा धंद्याचा नियम आहे. उद्या तुझ्या साहेबांत कुणी जाणकार निघाला तर म्हणेल, बाप्याचेच कपडे बाईला चढवलेत."

"पण असं का असतं?"

"का म्हणजे? असतं! आमच्या धंद्यात का विचारत नाहीत."

टाचणी पाच दिवसांची दमलेली होती. तिचा माझ्यावर विश्वासही होता, बिचारीचा. कपडा आरशासारखा उलटा करायला तिकडे एकच आज्ञा द्यावी लागते. एकोणीस कपडे पंधरा मिनिटांत उलटे झाले. मी पन्नास वर्षांत एकोणीस काजं पंधरा मिनिटांत केली नव्हती. मोठ्या समाधानानं घरी गेलो.

शुक्रवारी अकराला आम्ही तिघं त्यांच्या ऑफिसात. मास्तरांनी कोट घातला होता, मी माझी सगळ्यात चांगली काजं. बाहेरच्या माणसांना एकटं वर सोडायचं नाही असा तिथला नियम, म्हणून मावशीच आम्हाला चौथ्या मजल्यावर घेऊन आल्या आणि आपल्या मापाची बाई बघायला मिळेल म्हणून दाराशी थांबल्या.

खोलीत सात-आठ जणं होती. समोर दोन मोठे पडदे. एकावर पुरुष जासूद, दुसऱ्यावर जासूदबाई. कप्तान घड्याळ बघत होते.

"हे कोण?" त्यांनी आमच्याकडे पाहत विचारलं.

"माझे आजोबा आणि काजकाका. कपडे यांनी शिकवले."

"बरं. चला."

टाचणीनं कळ दाबली. जासूदबाई पळाली. अंगरखा फडफडला, कुठेही अंगातून आरपार गेला नाही. ती कड्यावर चढली, झाडाखालून वाकून गेली, ओढ्यात उतरली. वेष बदलला: मेंढपाळ, कोळी, शिपाई. एक दाढीवाला पोरगा तोंडातल्या तोंडात म्हणाला, "भारी बसलंय." कप्तानच्या कपाळावरची एक आठी कमी झाली. मी मोजली.

"आता पत्र देऊ दे," ते म्हणाले.

जासूदबाई राजवाड्याच्या दारात उभी राहिली. पत्र काढायला तिनं उजवा हात कोटात घातला. आणि तो हात कोटाच्या कापडातून, अस्तरातून, तिच्या बरगड्यांतून सरळ आत गेला. कोपरापर्यंत! जासूदबाईनं स्वतःच्या छातीत हात घालून काळजाच्या जागेवरून पत्र ओढून काढलं आणि हसतमुखानं राजाला दिलं.

खोलीत हशा पिकला. दाढीवाला तर खुर्चीवरून घसरला. टाचणीचा चेहरा पांढराफटक. मला तत्क्षणी कळलं. कोटाची डावी कड वर असते तेव्हा उजवा हात तिच्याखालून सहज आत सरकतो. मी कडा उलट्या करून घेतल्या होत्या. आता हाताला रस्ताच नव्हता.

"हेच मी म्हणत होतो," कप्तान उठले. आवाजात राग नव्हता. वाईट वाटत होतं, म्हणून जास्त लागलं. "कपडे छान केलेत, खरंच. पण हालचाल पुरुषाची आहे. बाईचं अंग वेगळं, तिची ढब वेगळी. पुरुषाचा हात तिला लावला की असंच होणार. सगळी हालचाल नव्यानं भरावी लागेल आणि तेवढे दिवस नाहीत. जहाज बुडेल. रद्द."

"साहेब, बटणं…" मी तोंड उघडलं, पण ऐकतंय कोण.

मास्तर मात्र दुसऱ्याच पडद्याकडे बघत होते. तिथे पुरुष जासूद पत्र देऊन झाल्यावर आपल्या रिवाजाप्रमाणे पायरीवर बसत होता.

"याला पुन्हा उठवा," मास्तर म्हणाले. "आणि पुन्हा बसवा."

"आजोबा, राहू दे," टाचणी हळूच म्हणाली.

"एकदाच."

दाढीवाल्यानं गंमत म्हणून कळ दाबली. जासूद उठला, पुन्हा बसला. बसताना त्यानं आधी उजव्या, मग डाव्या गुडघ्यावरची सुरवार दोन बोटांनी चिमटीत धरून किंचित वर उचलली.

"बघितलंत?" मास्तर वळले. "ही चिमूट मी लावलेली सवय आहे. पँट नवी करून दिली की मी गिऱ्हाइकाला सांगतो, बसताना अशी उचला, म्हणजे गुडघ्यावर फुगा येत नाही. शंभरातले नव्वद विसरतात. उरलेले दहा उजवीकडून डावीकडे जातात का डावीकडून उजवीकडे, तेही मला पाठ आहे. शिवाय याचा डावा पाय चालताना बाहेर पडतो. मावशी, जरा त्या खुर्चीवर बसता का?"

"मी?" दाराशी मावशी दचकल्या. "ड्यूटीवर आहे मी."

"घटकाभर बसा."

मावशी चार पावलं चालत आल्या. डावा पाय बाहेर. खुर्चीपाशी थांबल्या, उजव्या गुडघ्यावर चिमूट, डाव्या गुडघ्यावर चिमूट, आणि बसल्या.

दाढीवाल्यानं न सांगता पुन्हा कळ दाबली. पडद्यावर जासूद बसला. समोर मावशी बसलेल्या. मिशांचा तेवढा फरक.

"हे काय आहे?" कप्तान म्हणाले.

"तुमचे हे जासूद इथे बसलेत," मास्तर म्हणाले. "विचारा त्यांनाच."

मावशींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "अहो, ते तुम्ही यायच्या आधीचं आहे. त्या वेळी हालचाल भरायला एक माणूस येणार होता, त्याची कंबर धरली. यंत्र लावून बसलेला मुलगा, आता तो इथं नाही, रडकुंडीला आला. मला म्हणाला, मावशी, तुम्ही घाला ना तो गोट्या लावलेला ड्रेस, यंत्र त्यावरून हालचाल टिपतं. तीन दिवस पळवलं मला. उड्या मारल्या, शिडीवर चढले, खोटं पत्र ठेवून कितीदा ते बाहेर काढलं. गणवेशाच्या कोटात आतल्या खिशाला हात घालते ना मी किल्ल्यांसाठी, तसंच काढलं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. आणि कुणी विचारलं कुठं?"

कप्तान पुन्हा खाली बसले. त्यांनी पुरुष जासुदाकडे पाहिलं, मग मावशींकडे, मग जासुदाकडे. वर्षभर तो माणूस मीटिंगमध्ये त्या जासुदाची मर्दानी ढब दाखवत होता, असं दाढीवाल्यानं मला नंतर सांगितलं.

"म्हणजे आपल्याकडे पहिल्यापासून बाईचीच हालचाल आहे," ते सावकाश म्हणाले. "आणि एकाही माणसाला कधी वेगळी वाटली नाही."

"मला वाटली होती," मागून एकजण म्हणाला.

"गप बस, तुला नव्हती," तिघं एकदम म्हणाले.

"पण मग हात छातीतून का गेला?" कप्तानांनी विचारलं.

आता माझी पाळी होती. मी उभा राहिलो. "साहेब, ते माझं काम. बायकांची बटणं डावीकडे म्हणून काल मी सगळे कोट उलटे करायला लावले. मास्तरांना न विचारता. मावशींनी पुरुषी गणवेशाच्या कोटातून हात घालून पत्र काढलेलं, आणि मी त्यांच्या रस्त्यावर भिंत बांधून ठेवली."

मास्तरांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहीत नाही.

"बायकांची डावीकडे का असतात?" कप्तानांनी विचारलं.

"का ते मला माहीत नाही," मी म्हणालो. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच हे वाक्य तोंडातून निघालं आणि, खोटं सांगत नाही, हलकं वाटलं. "पण सरळ करा, साहेब. मावशींच्या हाताला जागा द्या."

"किती वेळ लागेल?"

"तुमचा चहा व्हायच्या आत," टाचणी म्हणाली, आणि कुणी चहा सांगायच्या आधीच तिची बोटं चालायला लागली. पंधराव्या मिनिटाला जासूदबाई पुन्हा राजवाड्याच्या दारात उभी होती. हात कोटाच्या कडेखालून अलगद आत गेला, पत्र घेऊन बाहेर आला. मग ती पायरीपाशी गेली, उजवी चिमूट, डावी चिमूट, आणि बसली. कुणी हसलं नाही. खुर्चीत बसलेल्या मावशींनी मात्र हळूच आपल्या गुडघ्याला हात लावून पाहिला.

कप्तानांनी तो प्रसंग चार वेळा बघितला. नदी, कडा, तळ सगळं पुन्हा पळवून बघितलं. एका घोंगत्याची कड दगडात अडकत होती, तेवढी टाचणीला बदलायला लावली. मग त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं आणि दुसरं काहीतरी लिहिलं.

"ठेवा," ते म्हणाले. "पहिल्याच पडद्यावर विचारा. जासूद कोण: हा की ही. दोघांना सारखीच जागा. आणि कुणाच्याही नावापुढे आधीपासून खूण करून ठेवू नका; ज्याचं त्यानं निवडावं."

टाचणीनं लॅपटॉप उलटा ठेवला, सरळ केला, परत उलटा ठेवला. मास्तरांनी खिशातून रुमाल काढून तिला दिला. ती म्हणाली, "मी रडत नाहीये." मास्तर म्हणाले, "मग पडद्यावर माझ्या बोटाचा डाग आहे तो पूस."

ती निवडीची पाटी तयार करून मोठ्या पडद्यावर लागेपर्यंत दुपार झाली. एका बाजूला तो, एका बाजूला ती, दोघं सारख्याच उंचीचे, एकाच ढबीत उभे. पहिल्यांदा कोणी खेळायचं, यावर वाद झालाच नाही. सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. खोलीच्या दाराशी दाढीवाल्याला उभं करण्यात आलं आणि मावशींच्या हातात खेळायचं यंत्र दिलं.

मावशींनी बराच वेळ दोघांना न्याहाळलं. टाचणी मागे येऊन उभी राहिली. सगळ्यांना ठाऊक होतं, मावशी काय निवडणार. त्यांच्याच मापाची, त्यांच्याच खांद्यांची, त्यांच्याचसाठी आठ दिवस शिवलेली.

मावशींनी बाप्या निवडला.

"मावशी!" टाचणी ओरडलीच. "चुकून दाबलंत का?"

"चुकून कशाला?" मावशी पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "बाई मी रोजच असते गं. आज जरा मिशा लावून बघते."

"ती आवडली नाही का तुम्हाला?"

"आवडली म्हणजे! उद्या तिला घेईन. आता ती आहे ना तिथं, पळून थोडीच जातेय."

टाचणी खदखदून हसायला लागली. इतकी, की तिला टेबलाला धरून उभं राहावं लागलं.

"दोघांनी खेळायचं आहे ना?" कप्तान बाह्या सरसावत दुसऱ्या खुर्चीत बसले. "मी मग हिला घेतो. बघू तरी."

खेळ सुरू झाला. कप्तानांना आपलाच गेम धड खेळता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्या ऑफिसला कळलं. पहिल्याच वळणावर जासूदबाई पुलावरून नदीत पडली. वर आली, पुन्हा पडली. "जहाज बुडालं!" दारावरून दाढीवाला ओरडला. मास्तर खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "बाह्या दुमडा तिच्या, पाणी भरतंय." मी बटणं बघत होतो. भिजली तरी एकही सुटलं नव्हतं.

आणि पलीकडच्या काठावर मिशांवर ताव देत मावशी थांबल्या. पुढे राजवाडा दिसत होता, पत्र आधी पोचवलं तर जास्त गुण होते. त्या मागे वळल्या, काठावर वाकल्या आणि कप्तानांना हात दिला.

"या बाई," मावशी म्हणाल्या. "घाबरू नका. पाय इथं ठेवा."